सुरण कधी उठवायचा?



होळी पेटली की दरवर्षी तोच प्रश्न सुरू होतो. वाणगावच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "दादा, सुरण कधी लावायचा?" मी उलट विचारतो, "डोळा बघितलास का?" समोरचा हसतो. त्याला तारीख पाहिजे असते.

तर आधी तारीख सांगतो. चिंचणी, वरोर, वाणगाव या आपल्या पट्ट्यात गुढीपाडव्याला बियाण्याचे गड्डे माळ्यावरून किंवा पडवीतून खाली काढायचे, निवडायचे आणि वाळूवर उठवायला ठेवायचे. चैत्री पौर्णिमेला डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू होते, तोवर डोळे फुगायला लागतात. अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे गड्डा खड्ड्यात गेला पाहिजे.

पण पंचांगाची गंमत बघा. 2023 साली पाडवा 22 मार्चला होता, 2024 ला तो 9 एप्रिलला आला. अक्षय्य तृतीया एका वर्षी 22 एप्रिल, दुसऱ्या वर्षी 10 मे. अठरा दिवसांचा फरक. सुरणाला अधिक मास कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की आपल्याला जमिनीतून काढून किती दिवस झाले आणि हवा किती तापली. म्हणून सण आठवणीसाठी ठीक आहे, निर्णय डोळ्यावर घ्यायचा.

सुरणाचा गड्डा म्हणजे मूळ नव्हे. ते जमिनीतलं जाड खोड आहे. खोड म्हटलं की त्याला डोळे आले. मधोमध जी वाटीसारखी खोलगट जागा दिसते, जिथे गेल्या वर्षीचा दांडा गळून पडला, तिथे मुख्य डोळा. बाकीचे बारीक डोळे आजूबाजूला कड्यासारखे बसलेले असतात. मुख्य डोळा जागा असला तर तो बाजूच्यांना उठू देत नाही. घरातला मोठा भाऊ जिवंत असेतो धाकट्यांना कारभार मिळत नाही, तसंच आहे हे.

मार्गशीर्ष-पौषात पान पिवळं पडून आडवं झालं की गड्डा तयार झाला. तिथून पुढे दोन-तीन महिने तो झोपतो. या झोपेत त्याला पाणी द्या, खत द्या, काही करा, तो हलत नाही. उलट झोपलेल्या गड्ड्याला ओल लागली तर तो सडतो. मकर संक्रांतीला काढलेला गड्डा फाल्गुनात लावून "अजून उगवला नाही" म्हणून रोज पाणी घालणारे लोक मी बघितलेत. तो उगवत नाही कारण त्याची झोप झालेली नाही, आणि झोप होईपर्यंत पाण्याने त्याचा बुडखा काळा पडतो.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे पुष्कळ जण सुरण पावसावर लावतात. मृग लागला की भाताबरोबर बांधाकडेला चार गड्डे पुरले, झालं. घरी खायला तेवढं पुरतं. पण चार पैसे करायचे असतील तर पावसाची वाट बघणं परवडत नाही. सुरणाला एका वेळी एकच पान असतं. आपण जे खोड समजतो तो त्या पानाचा देठ, आणि वरची छत्री म्हणजे एकच मोठं चिरलेलं पान. ते पहिलं पान मुळांच्या जोरावर वाढत नाही, गड्ड्यात साठवलेल्या अन्नावर वाढतं. छत्री उघडली की मग ती खाली नवीन गड्डा भरायला लागते. जुना गड्डा आटत जातो आणि त्याच्या डोक्यावर नवा बसतो. म्हणजे छत्री जितकी लवकर उघडेल तितके भरायला दिवस जास्त. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसाआधी छत्री उघडलेली असली की पाऊस त्याला मानवतो. कोंब जमिनीखालीच असताना आठ दिवसांची झड लागली तर त्याच पावसाने नुकसान होतं. सात-आठ महिन्यांचं पीक आहे, सुरुवातीचे दोन महिने गेले की मागून खत टाकून ते भरून येत नाहीत.

आणि नवरात्रात उपवासाला सुरणाची मागणी असते. एप्रिलअखेर लावलेला सुरण तोवर थोडा थोडा काढून विकता येतो. पावसात लावलेला तेव्हा नारळाएवढाही नसतो.

आता पैशाचं बोलू, कारण सुरणात सगळा खेळ बियाण्याचा आहे. तीन फूट बाय तीन फुटावर लावला तर गुंठ्याला 121 गड्डे बसतात. अर्धा किलोचा गड्डा धरा, गुंठ्याला साठ किलो बियाणं झालं. एकराला 4840 गड्डे, म्हणजे जवळजवळ अडीच टन. भाताच्या लावणीला एकरी पंधरा-वीस किलो बियाणं लागतं, त्याच्याशी ताडून बघा. आणि सुरण एका किलोचे साधारण चारच किलो देतो, जमीन आणि खत चांगलं असेल तर थोडे जास्त. म्हणजे जे पिकलं त्यातला चौथा हिस्सा परत मातीत घालायचा असतो. बाजारात गड्ड्याला भाव असो नसो, चैत्रात बियाण्याला भाव असतोच. त्यात हेच दिवस लग्नसराईचे. घरात पैसा असतो तो आहेरात जातो.

आमच्या शेजारच्या पाड्यावरचा एक तरुण आहे. बोईसरला कंपनीत कंत्राटी कामाला होता, ते सुटलं. घरची दहा गुंठे वरकस जमीन, निचरा चांगला. त्याने सुरण करायचं ठरवलं. बायकोची साखळी गहाण ठेवली आणि एका व्यापाऱ्याच्या टेम्पोतून सहाशे किलो बियाणं उतरवून घेतलं. गड्डे दिसायला फार सुंदर. धुतल्यासारखे स्वच्छ, एकसारखे. अक्षय्य तृतीयेला लावले. वैशाख संपत आला तरी निम्म्या खड्ड्यांत काही दिसेना. मग तो माझ्याकडे आला.

"काका, जरा येऊन बघता का? मला काय समजत नाय."

आम्ही दोघांनी उकरायला सुरुवात केली. फावडं लावलं नाही, हातानेच. वरची माती बाजूला केली की गड्ड्याचं डोकं दिसतं. निम्म्यांचा मधला डोळाच नव्हता. ढिगात रचताना, टेम्पोत पाय देऊन चढता-उतरताना आणि साफ करताना तो तुटून गेलेला. कोंब थोडा फुगला की तो किती नाजूक होतो हे ज्याने हाताळलंय त्यालाच कळतं, नखाने निघतो. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, माल बघून घेतला होतात.

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, थांब, सगळं गेलेलं नाही. मोठा भाऊ गेला तर धाकटे उठतात, पण उशिराने आणि एकेक करून. आम्ही प्रत्येक गड्डा अंगठ्याने दाबून बघितला. जो कडक तो तसाच ठेवून वर भुसभुशीत माती आणि पेंढा टाकला. जो मऊ, ज्याला आंबूस वास, तो काढून लांब टाकला आणि तो खड्डा उन्हात उघडा ठेवला. शंभराच्या वर फेकावे लागले. उरलेल्यांतले बरेचसे आषाढात उठले. एकाच गड्ड्याला दोन-दोन, तीन-तीन कोंब आले, पानं बारीक राहिली.

पौषात काढणी झाली तेव्हा बियाण्याचे पैसे निघाले, मजुरी निघाली नाही. साखळी त्या वर्षी सुटली नाही. पण त्याने एक शहाणपणा केला. जे पाव-अर्धा किलोचे बारके गड्डे होते ते मातीमोल विकले नाहीत. सगळे ठेवून दिले. पुढच्या चैत्रात त्याला बाहेरून एक किलोसुद्धा आणावं लागलं नाही. साखळी दुसऱ्या वर्षी सुटली.

म्हणून बियाणं घेताना मी जे बघतो ते सांगतो. पहिलं, वैशाखात टेम्पोतून घेण्यापेक्षा पौष-माघात शेतातून काढलेला घ्यावा, अंगाला माती असलेला. धुतलेला गड्डा खायला चांगला, लावायला नाही. शक्य असेल तर भाद्रपदात, पानं हिरवी असताना, त्या शेतावर एक चक्कर मारावी. पानावर हिरवे-पिवळे चट्टे आणि पान आकसलेलं असेल तर तो विषाणू आहे. तो गड्ड्याबरोबर आपल्या घरी येतो आणि परत जात नाही. आपल्या शेतातही चांगल्या झाडांना तेव्हाच काठी रोवून खूण करावी. गड्डे काढल्यावर सगळे सारखेच दिसतात.

दुसरं, डोळा. मधल्या वाटीत बोट फिरवून बघा. टोक शाबूत पाहिजे. तिसरं, खालचा बुडखा दाबून बघा. वरून टणक आणि खालून दबतो असा गड्डा फुकट मिळाला तरी नको. आणि कुणी नर्सरीवाला जातीचं नाव सांगत असेल तर गजेंद्र मागा. ही जात आंध्रातल्या कोव्वूरची, गर गुळगुळीत, खाज कमी. केरळात तिरुअनंतपुरमजवळ श्रीकार्यमला केंद्र सरकारची कंदपिकांची संशोधन संस्था आहे, तिथली श्री पद्मा हीसुद्धा त्याच गुणाची. आपला जुना गावठी सुरण जास्त खाजतो, पण त्याला अंगभर पिल्लं सुटतात. गजेंद्रला पिल्लं जवळजवळ नाहीत. याचा अर्थ गजेंद्रचं बियाणं वाढवायचं तर कापूनच.

पलीकडे वलसाड-सुरत पट्ट्यात पिल्लांवरून सुरण वाढवायची जुनी पद्धत आहे. पहिल्या वर्षी सुपारीएवढी पिल्लं दाट लावायची. काढून दुसऱ्या वर्षी थोडं अंतर वाढवून परत लावायची. असं करत तिसऱ्या-चौथ्या वर्षी बाजाराचा गड्डा होतो. शेतात दरवर्षी चारही वयाचे सुरण असतात, म्हणजे दरवर्षी विकायला काही तरी असतं आणि बियाण्याला खिशात हात घालावा लागत नाही. धीराचं काम आहे. पण ज्याच्याकडे दोन-चार गुंठेच आहेत आणि भांडवल नाही, त्याला मी आजही हीच वाट सांगेन.

आता उठवायची रीत.

पाडव्याला गड्डे खाली काढले की पहिलं काम साफसफाई. डोळ्याच्या वाटीत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कोवळ्या कोंबाचा रस तिथेच बसून पितो. जुना दातांचा ब्रश घेऊन हलक्या हाताने काढायचा. हाताला खोबरेल लावून बसा, नाहीतर संध्याकाळपर्यंत खाजवत बसाल. मग गड्ड्यांचे तीन भाग करायचे. डोळा फुगून गुलाबी झालेले एकीकडे. डोळा शाबूत पण झोपलेले दुसरीकडे. संशयित तिसरीकडे, आणि त्यांचा निकाल आठ दिवसांत लावायचा.

चिकूच्या सावलीत, जिथे वारा खेळतो पण खारा झोत थेट लागत नाही, तिथे चार बोटं वाळू पसरायची. समुद्रकाठची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. नदीची वाळू नसेल तर भुसभुशीत माती चालेल. त्यावर गड्डे एकाच थरात, डोळा वर करून, एकमेकांना न चिकटवता मांडायचे. वरून भाताचा पेंढा. दोन-तीन दिवसांनी हाताने पाणी शिंपडायचं. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावी पण पाणी गळू नये, एवढीच ओल. बादली ओतायची नाही. दोन-तीन आठवड्यांत जागे झालेले बोटाच्या पेराएवढे कोंब काढतात. तेवढेच पुरे. वीतभर कोंब होऊ दिला तर लावताना मोडतो आणि मग वर सांगितलेली कथा.

मोठा गड्डा असेल तर कापायचा, पण कधी आणि कसा ते महत्त्वाचं. डोळा नुसता फुगलेला असतो, कोंब बाहेर आलेला नसतो, तेव्हा कापायचा. कलिंगडाची फोड करतो तशी वरून खाली सुरी चालवायची, प्रत्येक फोडीला मधल्या डोळ्याचा आणि भोवतालच्या कड्याचा थोडा तुकडा आला पाहिजे. दोन किलोच्या गड्ड्याच्या चार फोडी बरोबर होतात. आडवा कापला तर वरची चकती उगवेल आणि खालचा अर्धा गड्डा नुसता बसून राहील. श्रीकार्यमच्या लोकांनी शंभर-शंभर ग्रॅमचे तुकडे करून बियाणं वाढवायची पद्धतही बसवली आहे, त्यातून पहिल्या वर्षी बियाण्याएवढा गड्डा मिळतो. मी घरच्यासाठी ते करतो, विक्रीच्या पिकाला अर्ध्या किलोच्या खाली जात नाही.

कापलेल्या फोडी शेणकाल्यात बुडवायच्या. काल्यात ट्रायकोडर्मा मिसळायचा, किलो बियाण्याला पाच ग्रॅम धरून. मग सावलीत पसरून काप सुकू द्यायचा. बोट लावल्यावर चिकट लागता कामा नये. आमचे वडील नुसती चुलीतली राख चोळायचे, तीही वाईट नव्हती.

इथे थोडं डेलियाबद्दल सांगतो, कारण आमच्या घरात त्यावरून वाद झाला. मुलगी मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघते. तिथे वसंत ऋतू आला की लोक डेलियाचे कंद घरात ट्रेमध्ये ठेवून उठवतात आणि बर्फाचं भय संपलं की बाहेर लावतात. ती कुंडीतला कंद घेऊन आली, "बाबा, आता वसंत आहे, लावू का?" मी म्हटलं, त्यांचा वसंत थंडीतून बाहेर येतो, आपला उन्हात शिरतो. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या उंच डोंगराळ भागातला, त्याला आपला मे महिना सोसत नाही. आपल्याकडे तो हिवाळ्याचं फूल. त्याचा कंद आता कोरड्या वाळूत, मडक्यात, सावलीत झोपू द्यायचा आणि नवरात्र-दसऱ्याच्या पुढे उठवायचा. वसंतात उठवायचा तो सुरण.

पण डेलियाकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्याचा कंद म्हणजे खरंच फुगलेलं मूळ. त्याच्या अंगाला एकही डोळा नाही. डोळे असतात ते वरच्या गळ्यापाशी, जिथे जुनं खोड जोडलेलं होतं. तो गळा तुटून नुसता रताळ्यासारखा कंद हातात आला तर कितीही जपा, त्याला मुळ्या फुटतील पण कोंब येणार नाही. सुरण या बाबतीत दयाळू आहे, त्याला राखीव डोळे आहेत. मुलीला मी दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं. तिने मडकं भरून ठेवलं आहे.

आता खड्डा. दीड-दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल, फाल्गुनातच खणून उन्हात तापू द्यावा. आमच्या इथे किनाऱ्याकडे जमीन रेताड आहे, तिथे खोदाई सोपी पण खत जास्त लागतं. वाणगावकडच्या भारी भातजमिनीत मात्र खड्ड्यापेक्षा गादीवाफा बरा, नाहीतर पावसात प्रत्येक खड्डा विहीर होतो. दोन-अडीच किलो कुजलेलं शेणखत वरच्या मातीत मिसळून खड्डा भरायचा, आणि त्यात गड्डा असा बसवायचा की डोळ्यावर तीन-चार बोटं माती येईल. नवा गड्डा जुन्याच्या डोक्यावर बसतो हे लक्षात ठेवा, म्हणजे खोली आपोआप कळेल. पुढे भर घालायला जागा राहिली पाहिजे. कंदाला पालाश पुष्कळ लागतो. माती तपासून किती ते ठरवा, कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याला जवळ आहे, विचारायला लाजू नका.

लावल्यावर एक पाणी, आणि लगेच आच्छादन. याला मी सगळ्यात जास्त मानतो. मे महिन्यात आपल्या किनाऱ्याकडच्या विहिरी मचूळ होत जातात. जितकं कमी पाणी द्यावं लागेल तितकं बरं, आणि कमी पाण्यात ओल टिकवायची तर वर चांगला वीतभर पाला पाहिजे. चिकूचा पाला, नारळाच्या झावळ्या, पेंढा, जे मिळेल ते. अडचण अशी की हेच दिवस राब भाजायचे. सगळा पालापाचोळा, गवत, शेण राबाला जातं. आमच्या घरात दरवर्षी यावरून रस्सीखेच होते. मी आता भाताची रोपं बरीचशी गादीवाफ्यावर, न भाजता करतो आणि पाला सुरणाला राखतो. सगळ्यांना पटेल असं नाही.

दोन ओळींमध्ये चवळी टाकली तर तण दबतं, शेंगा मिळतात, वेल नंतर तिथेच गाडता येतो. चिकूच्या जुन्या वाडीत, जिथे दहा मीटरवरची झाडं एकमेकांना भिडलीत, तिथे सुरण घेऊ नका. तो सावली सोसतो, अंधार नाही. झाड मेलेल्या रिकाम्या जागेत, कडेला, नव्या लागवडीच्या मधल्या पट्ट्यात छान येतो.

एक सांगायचं राहिलं. मोठ्या गड्ड्यातून कधी कधी पानाऐवजी फूल येतं. कोंब नेहमीपेक्षा जाड, बुटका, फुगीर दिसला की समजायचं. उमललं की मेलेल्या उंदरासारखा वास सुटतो, माश्या घोंगावतात, घरची माणसं ओरडतात. फुलात गड्ड्याचं बरंच अन्न खर्च होतं, म्हणून लक्षात आलं की मी कोंब कापून टाकतो. बाजूचा डोळा नंतर पान काढतो. बियाण्याला मध्यम गड्डे वापरण्याचं हेही एक कारण.

ज्यांना हे फूल विचित्र वाटतं त्यांनी शेवळ आठवावी. ती सुरणाचीच रानातली बहीण. ती कुणी लावत नाही, तिला कुणी पाणी घालत नाही. मे सरता सरता, वळवाच्या सरी पडल्या की ती फूल वर काढते आणि आपल्या आदिवासी बाया काकडांबरोबर जुड्या बांधून बाजारात आणतात. काकड घातला की खाज जाते. शेवळीच्या जुड्या बाजारात दिसल्या आणि तुमच्या सुरणाची छत्री अजून उघडलेली नसली, तर यंदा उशीर झाला असं समजा.

पावसातलं आज थोडक्यात. पाणी तुंबू देऊ नका, चर आधीच काढून ठेवा. देठाच्या बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर ती खोडकूज. ते झाड मातीसकट उचला, शेजारच्यांना ट्रायकोडर्माची आळवणी द्या. यावर आषाढात सविस्तर लिहीन.

या वर्षी माझे तीनशे साठ गड्डे वाळूवर आहेत. काल संध्याकाळी मोजले तेव्हा दोनशे सत्तरच्या आसपास जागे होते, अकरा फेकले, बाकी झोपलेले. झोपलेल्यांत बहुतेक माघात उशिरा काढलेले आहेत, त्यामुळे त्यांची घाई करत नाही. तो पाड्यावरचा पोरगा सकाळी येऊन गेला. त्याचे घरचेच नऊशे गड्डे आहेत, डोळा वर करून मांडलेले, आणि त्यातले दोनशे तो या वेळी बियाणं म्हणून विकणार आहे. गिऱ्हाईकाला आधी शेतावर नेऊन दाखवतो म्हणाला. जत्रेहून आलो की मी माझे परत निवडेन. जागे झालेले खड्ड्यात जातील, उरलेले पेंढ्याखालीच राहतील.

कुणाला पिल्लं हवी असतील तर गावठीची दोन पायली आहेत. येताना पिशवी आणा.